पंखा बंद पडायच्या आधी

मुलुंडच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर एक नवराबायको बसले होते. नवऱ्याचा फोन वाजला.

“गार्गी, मला ऑफिसला जावं लागेल. स्विचचा मेल आलाय.”

“दिवा लावायच्या स्विचचा?”

“नाही गं. सर्व्हर आणि स्टोरेज जोडणारा मोठा डबा असतो तो. त्याचा एक पंखा मंद झालाय.”

“बंद पडला?”

“अजून नाही. पडायच्या आधीच तो कळवतो.”

“स्वतःहून?”

“हो ना. एवढ्या डब्यांत नेमका कुठला ते कळावं, म्हणून आम्ही इथून त्याचा दिवाही लुकलुकवू शकतो.”

“गुणाचा आहे रे! मग आता सगळं बंद करून पंखा बदलणार?”

“छे! चालू असतानाच बदलतात. जुना काढायचा, नवा सरकवायचा. कुणाला पत्ताही लागत नाही.”

“त्याला तूच लागतोस?”

“तसं... सुबोध आहे तिथे.”

“मग बस खाली. डॉक्टरांना काय सांगणार आहेस?”

“काय सांगायचं? थोडं पित्त झालंय.”

“पित्तवाला माणूस घरी येताना जिन्यात दुसऱ्या मजल्यावर थांबून मोबाईल बघत नाही. तोही बंद मोबाईल.”

“तू बघितलंस?”

“वरून बघत होते.”

“...जिना चढताना छातीत दुखतं.”

“कधीपासून?”

“गणपतीपासून.”

“आणि मला आज सांगतोयस! त्या डब्याशीच लग्न करायला हवं होतं मी.”

तेवढ्यात काउंटरवरच्या बाईंनी हाक मारली. “देवदत्त कोण आहेत?”

मागून गार्गीचाच आवाज आला.

“हात वर कर रे. कुठला डबा ते कळू दे त्यांना.”