कोरडा कोपरा

सफरअली : आधी चहा घ्या, उस्ताद. साखरेचा खडा तोंडात धरा आणि त्या दगडावर टेका. गालिचा कुठे पळून जात नाही.

फतहुल्ला : बसायला नाही आलो. शुक्रवारी माझ्या बिल्कीसला जाऊन चाळीस दिवस होतात, चाळिसावा आहे, त्याआधी वाळला पाहिजे. सोड पाण्यात.

सफरअली : सोडतो ना. आधी ओलं फडकं लावून बघतो, रंग सुटतोय का ते.

फतहुल्ला : माझा रंग? चाळीस वर्षं मी रंगवलेली लोकर तुझ्या या झऱ्यात पडतेय. एकदा तरी पाणी लाल झालं?

सफरअली : खोटं कशाला बोलू? अख्ख्या काशानच्या गालिच्यांनी मला रडवलं, तुमच्या रंगानं कधीच नाही. पण रिवाज तो रिवाज. मशिदीचा गालिचा आला तरी मी फडकं लावतो.

तूबा : बाबा, मी अजूनही म्हणते, न धुताच अंथरू. आईचा नवस होता.

फतहुल्ला : नवस तिच्या हयातीपुरता होता, पोरी. मी जिवंत असेपर्यंत याला पाणी लागू देणार नाही, असं म्हणाली होती. दर नवरोजला लोकांचे गालिचे झऱ्यावर यायचे आणि आमचा मात्र धूळ झाडायला बर्फावर पालथा. मीच तर बडवायचो. आता ती गेली. लोक येतील, कुराण वाचतील, आणि तिच्या हातचा गालिचा मळका? ते मला चालणार नाही.

सफरअली : निळा... जागचा हलत नाही. पिवळा, डाळिंबाच्या सालीचा. वा. मधला लाल बघा, फडकं दुधासारखं. याला म्हणायचं मंजिष्ठाच्या मुळीचा रंग. आता हे कोपऱ्यातलं फूल...

फतहुल्ला : गप्प का झालास?

सफरअली : काही नाही. शिंक येत होती.

फतहुल्ला : फडकं?

सफरअली : पांढरं आहे, उस्ताद.

फतहुल्ला : मग सोड.

सफरअली : मी काय म्हणतो, आज पाणी फार गार आहे. नुसता झटकून, उन्हात घालून देतो. नव्यासारखा दिसेल.

फतहुल्ला : लेका, बर्फ वितळतानाही गुडघाभर पाण्यात उभा राहणारा माणूस तू. आज तुला पाणी गार लागलं? माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, डोक्यात नाही.

तूबा : काका, पुरे. बाबा, फडकं लाल झालंय.

फतहुल्ला : माझा लाल सुटत नाही.

तूबा : तुमचा नाहीच तो. बाजारातला आहे. मी आणला होता.

सफरअली : मी जरा पलीकडे जातो.

तूबा : थांबा, काका. तुम्हीही ऐका, म्हणजे मला अर्ध्यात थांबता येणार नाही. बाबा, मी अकरा वर्षांची होते. एवढं एकच फूल विणायचं राहिलं होतं आणि लाल लोकर संपली. आईनं मला तुमच्याकडे पिटाळलं. मी कारखान्याच्या दारात आले तर तुम्ही तुमच्या हाताखालच्या काझिमला हाकलत होतात. त्यानं रंगाच्या हंड्यात बाजारची पूड मिसळली होती म्हणून.

फतहुल्ला : त्याच्या लडी मी रस्त्यावर फेकल्या होत्या.

तूबा : तुमचे हात कोपरापर्यंत लाल होते. तुम्ही ओरडत होतात आणि तो तुमचे पाय धरत होता. मी तशीच मागे फिरले. ईदीचे पैसे होते, त्यातून बाजारातून दोन लडी घेतल्या आणि आईला सांगितलं, बाबांनी दिल्या.

फतहुल्ला : आणि तिला कळलं नाही?

तूबा : अर्धं फूल झाल्यावर कळलं. धाग्याला थुंकी लावली तर बोट लाल. माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुढच्या गाठी घालायला लागली. रात्री जेवताना तुम्हाला म्हणाली, मी नवस बोललेय.

(फतहुल्ला चाचपत दगडावर बसतो.)

फतहुल्ला : म्हणजे नवस नव्हताच.

तूबा : नव्हता.

फतहुल्ला : एकतीस वर्षं. नमाजाला मी त्याच बाजूला बसायचो. ती मला एवढी घाबरायची?

तूबा : घाबरायची मी. आई मला सांभाळायची.

फतहुल्ला : कोणापासून?

तूबा : बाबा, चहा घ्या ना.

फतहुल्ला : बोल ना, कोणापासून सांभाळायची? कळलं मला. नको बोलूस. जगाला सांगत फिरलो की माझा रंग सुटत नाही. आणि घरात माझी बायको खोटं बोलत जगली, का, तर तिच्या पोरीवर मी हात उगारू नये.

सफरअली : उस्ताद, मनाला लावून घेऊ नका. इलाज आहे. माझी सून रफूचं काम करते. एवढ्या गाठी उपटून काढील आणि तुमच्या मंजिष्ठाच्या लोकरीनं नव्या भरील. कुणाच्या बापाला कळणार नाही.

फतहुल्ला : घरी एक लडी आहे माझी. शेवटच्या हंड्यातली.

सफरअली : बस, झालं मग काम.

तूबा : बाबा, द्या ती. मलाही सुटल्यासारखं होईल.

फतहुल्ला : माझा हात धरून ठेव त्या फुलावर. हे का? ... बाकीच्यांपेक्षा घट्ट आहेत गाठी.

तूबा : हो.

फतहुल्ला : घाबरलेल्या बाईच्या आहेत. उपटायच्या नाहीत. सफरअली, हा कोपरा सोडून बाकीचा धुता येईल?

सफरअली : येईल. पण कोपरा कुणीतरी पाण्याबाहेर उचलून धरायला लागेल. दगडावर ठेवला तर खालून ओल चढते. दोन तास तरी, आणि भिजलेला गालिचा मढ्यासारखा जड होतो. भावाला हाक मारतो.

फतहुल्ला : कशाला? तूबा, माझ्या बाह्या वर कर.

तूबा : बाबा, तुमचे गुडघे दोन तास टिकायचे नाहीत.

फतहुल्ला : टिकतील तेवढे टिकतील. दे इकडे. आणि तू इथे माझ्याजवळ बस. ओल वर चढायला लागली तर सांग, मला दिसायचं नाही.