प्रसादाचं केळं

नाही हो अण्णा, तो एक आजार नव्हेच — कॅन्सर म्हटलं की तुम्ही सगळं एकाच पोत्यात कोंबता! अन्ननलिकेचा वेगळा, जठराचा वेगळा, मोठ्या आतड्याचा वेगळा, कारणंही वेगवेगळी. वहिनींना आत नेलंय ते दुर्बिणीनं अन्ननलिका बघायला — घास अडकतो म्हणालात ना? मग तंबाखू, मिश्री, जीभ पोळणारा चहा, सगळं विचारतील. लावतात मिश्री? व्हय म्हणा की, लाजता कामून? मी बिदरला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, माझ्यापुढे लाजून उपयोग नाही. जठराचा एका जंतूमुळेही होतो, फार खारवलेल्या खाण्यानंही. मंठाळच्या देवीचा कोप? त्याला पुरावा नाही.

मी? मी आपली नुसती तपासणीला. माझे अप्पा मोठ्या आतड्याच्या कॅन्सरनं गेले आणि तो काही घराण्यांतून पुढे येतो — एवढंच. आधी आतड्यात एक बारीकसा कोंब उगवतो, निरुपद्रवी. वेळेत दिसला तर दुर्बिणीतूनच खुडतात, संपलं! पण आमच्याकडे सगळे म्हणायचे, आपण लिंगायत, मांस नाही, मद्य नाही, आपल्याला कसला कॅन्सर? अप्पांनी जन्मात अंडं शिवलं नाही. रक्त पडायला लागलं तर मूळव्याध म्हणत ताक पीत राहिले. रक्त दिसलं की तपासावं, मूळव्याध गृहीत धरू नये — मीसुद्धा दिवाळीपासून तेच — असो. काय? हो, पडतं. अधूनमधून. असं बघू नका हो.

हातातलं हे केळं होय — सांगते. कालपासून पोटात आतडं साफ करायच्या औषधाच्या पाण्याशिवाय काही नाही. संडासाशी इतकी घसट आयुष्यात नव्हती! याआधी दोनदा तारीख घेतली, दोन्ही वेळा कॉलेजचं काम निघालं — म्हणजे काढलं. आज निघताना आईनं इष्टलिंगाची पूजा आटोपून हा प्रसाद पुढे केला. 'तिन्नु, सुधा. खा. प्रसाद म्हंजे काय जेवण व्हय?' प्रसाद नाकारायचा नाही, टाकायचा तर नाहीच. हुज्जतीत मी कुणाला हार जात नाही, पण आईपुढे ओंजळ धरली. आता हे खाल्लं की भूल देता येणार नाही, सिस्टर म्हणणार, पुढच्या आठवड्यात या — आणि दोष कुणाचा? आईच्या श्रद्धेचा! तर्क बघा किती निर्दोष. अर्धं सोललंयसुद्धा.

हसताय काय? भिते मी, असं म्हणायचंय? मी? — बरं, वहिनी कशा गेल्या आत? आपण होऊन? मागं वळून बघितलंसुद्धा न्हाई? हं. आणि तुम्ही इथं बसून तंबाखू मळताय.

सुधाराणी? — मीच, सिस्टर, आले! नाही, काहीच खाल्लं नाही. अण्णा, धरा हे. प्रसाद आहे, लगेच संपवायचा — अहो, असा नाही! आधी तोंडातली तंबाखू थुंकून या. उठा. उठा म्हणते ना!