समोरची खोली

माझं नाव नोरा, आडनाव आयरिश, अन् बोली ही अशी, आजीची. काय सांगू तुम्हाला, माझे आजोबा आयर्लंडहून जबलपूरला रेल्वेत आले, इंजिन चालवायचे, अन् आजी नागपूरकडची, चंद्रभागा, तुम्ही लिहून राहिले ना, तर नाव नीट लिहा. दोघांचं लग्न चर्चात झालं. घर रेल्वेचंच, समोरच्या खोलीत इंग्रजी, मागे रसोईत मराठी, अंगणात हिंदी. आम्ही पोरं दार ओलांडलं की जबान बदलायचो, कोणी शिकवलं नाही.

पण समोर साहेब लोक आले की आजी पडद्यामागे. चहा घेऊन गेली तर ते तिला आया समजायचे, अन् आजोबा गप्प, ही माझी बायको आहे असं एकदा म्हटलं नाही माणसानं. पाहुणे गेले की मागे येऊन पाटावर बसायचे, तिच्या हातची भाकर खायचे, तिच्याशी मराठीत बोलायचे, प्रेमानं बोलायचे. आजी कधी काही म्हणाली नाही. मला राग यायचा, अजूनही येतो.

मी इथंच जबलपुरात, ओमतीकडे, एका शाळेत शिकवलं, रिटायर झाली, लग्न केलं नाही, चलो, ते सोडा. माझे काका आयर्लंडला निघून गेले होते, त्यांचा नातू मागच्या वर्षी आला, आजोबांवर कादंबरी लिहून राहिला होता. मला वाचून दाखवली. त्यात आजोबा खिडकीत बसून समुद्र आठवतात, बायको गोरी, अन् चंद्रभागा आया. मी म्हटलं, काहून रे बेटा, ती आया, तर तू कुठून आला? पणजी आहे ती तुझी. पोरगा लाल झाला, म्हणे आमच्याकडे असंच सांगतात.

परवा फोन आला त्याचा. म्हणे, आंटी, बदललं. आता ती समोरच्या खोलीत खुर्चीवर बसते, पाहुण्यांशी इंग्रजीत बोलते, अन् पणजोबा सगळ्यांना सांगतात, ही माझी बायको. मी म्हटलं, अरे, तिला इंग्रजी कुठं येत होतं, अन् त्या खोलीत ती फक्त झाडायला जायची, बसली कधीच नाही. तो म्हणे, अच्छा, मग काढून टाकू?

 मी म्हटलं, देव तुझं भलं करो, इंग्रजी काढ, मराठीच बोलू दे तिला. पण खुर्चीवरून उठवू नको.