पाटल्यांना न लावलेली कानस

सन्माननीय अध्यक्ष श्रीपादराव, व्यासपीठावरील मान्यवर, भोरमधले माझे सराफ बंधू आणि वेल्ह्याहून, सारोळ्याहून एसटी बदलत आलेल्या बंधू-भगिनींनो,

आधीच्या चार वक्त्यांनी 'दीनानाथ पोतदारांचा कस कधी चुकला नाही' हे वाक्य एकूण नऊ वेळा म्हटलं. मी मोजत होतो. दुसरं करणार काय? सत्कारमूर्तीला मध्येच उठता येत नाही! अहो, अडतीस वर्षं सोनं पारखतो म्हणून मी काय अंतर्ज्ञानी आहे? लोक एसटीच्या फलाटावर गाठतात, हातातली अंगठी पुढे करतात आणि म्हणतात, "नुसतं बघून सांगा की!" बघून कसं सांगू? कसोटीच्या दगडावर घासलं तरी रेघ उमटते ती वरच्या थराची. आत काय आहे ते पाहायला कानस लावावी लागते. आणि कानस काढली की आरडाओरडा. त्यात लग्न असलं तर विचारूच नका. नवरीच्या अंगावर चढायच्या दागिन्याला कानस लावायची नाही, अपशकुन होतो! हा दंडक कुणी घातला, त्याला मला एकदा भेटायचं आहे.

एकसष्ट साली शिवऱ्याच्या एका लग्नात मीही तो पाळला. सोनबांनी आपल्या मुलीला, बनाबाईंना, पाटल्या केल्या होत्या. वरपक्षानं मला पारखायला मांडवात बोलावलं. मी त्या फिरकीजवळ दगडावर घासल्या, रेघ पिवळीधमक आली, 'चोख आहेत' म्हणालो आणि जेवायला बसलो.

अकरा वर्षांनी त्याच पाटल्या मोडायला बनाबाईंच्या सासूबाई, वरव्याच्या अक्काबाई, माझ्या दुकानात आल्या. बरोबर बनाबाई होत्या. या वेळी कानस लावली. आत तांबं.

अक्काबाई कडाडल्या, "म्हायेरी जाऊन बदलल्यास व्हय गं!"

बनाबाई माझ्याकडे वळल्या. "काका, म्या न्हाई बदलल्या. तुमीच सांगा की."

सांगता आलं असतं. फिरकीजवळची माझीच जुनी घासखूण डोळ्यांसमोर होती. पाटल्या त्याच होत्या. सोनबांना विकणाऱ्यानं फसवलं होतं आणि मी ते पकडलं नव्हतं. पण दुकानात चार गिऱ्हाइकं बसली होती. मी म्हणालो, "मी फक्त धातू सांगतो." काय थोर वाक्य!

त्या दिवसापासून बनाबाई माहेरी, शिवऱ्याला आहेत. तीन वर्षं झाली. त्यांचे यजमान सर्जेराव तिसऱ्या रांगेत बसलेत आणि मघापासून माझ्यासाठी टाळ्या वाजवताहेत. सर्जेराव, नका हो वाजवू! संताप येतो मला. तुमचा नव्हे, माझाच. तुमच्या बायकोनं काही बदललेलं नाही. चुकलो मी, आणि गप्पही मीच बसलो.

असो. समितीनं एवढा घाट घातला, त्याबद्दल सगळ्यांचे आभार. बोलण्याच्या भरात कुणाला काही लागलं असेल, तर सभेनं ते मनावर घेऊ नये. पाटल्यांची चूक मात्र सभेनं माफ करायची नाही. तो अधिकार बनाबाईंचा.

श्रीपादराव, मी भोजनाला थांबत नाही. सर्जेराव, शिवऱ्याला जाणारी गाडी चारला आहे. उठा. त्यांच्या दारात आधी मी बोलेन.