सुट्टी कधी हवी?

– अगं, असं नाही, ताणून धर! चादर आहे ती, बाळाचं दुपटं नाही. हं. आता माझ्याकडे चालत ये, टोकाला टोक लाव – बघ, झाली की! हॉस्पिटलच्या चादरीची घडी एकटीने होत नाही, जोडीला कोणीतरी लागतंच. माझी जोडीदारीण मागेच गेली – मेली नाही गं, करार संपला तिचा! – आणि आता मी जाणार, तू येणार. राग? तुझ्यावर कशाला काढू राग? तू काय माझ्या ताटातलं ओढून घेतलंस? साहेबांनी बोलावलं, तू आलीस. मलाच म्हणाले, ताई, जायच्या आधी हिला तेवढं शिकवून जा. आणि मी हो म्हणाले. या जिभेला नाही म्हणताच येत नाही, तिथेच तर सगळं बोंबललं.

किती वर्षं? मुलगी बालवाडीत होती तेव्हा लागले, आता ती माझ्या साड्या पळवते – घे हिशोब! तरी कायम नाही. का नाही? मलाही वाटायचं, का नाही? दरवेळी करार संपत आला की साहेब खाली यायचे, तिथे दारात उभे राहून विचारायचे, "ताई, सुट्टी कधी हवी?" इतकं गोड! थोडे दिवस घरी बसायचं, मग नवा करार, नवी सही. बिनपगारी, पण सुट्टी ती सुट्टी. आणि मी शहाणी – तारीख मीच सांगायचे! एकदा बहिणीचं बाळंतपण, एकदा सासऱ्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन. वर आणखी "उपकार झाले, साहेब!" घरी जाऊन नवऱ्याला टेचात सांगायचे, तुम्हाला विचारतं का असं कोणी?

परवा शेजारची सून भेटली – युनियनच्या ऑफिसात बसते, कायदा तोंडपाठ तिला. म्हणाली, काकू, ती सुट्टी नव्हती, नोकरीत मुद्दाम पाडलेला खंड होता तो. नोकरी सलग धरली असती तर कायम करा म्हणून भांडता आलं असतं. मी म्हटलं, मग भांड ना माझ्यासाठी! तर म्हणे, भांडू, पण हॉस्पिटलवाले पहिलं हेच विचारणार, खंड मागितला कोणी? कोणी म्हणजे? मीच की! या अख्ख्या लाँड्रीसमोर, हसत हसत! रडले गं, खोटं कशाला सांगू, जिन्यात बसून रडले. मुलीचं कॉलेज तोंडावर आलंय, हे काम गेलं की तिला घरी बसवावं लागेल. आणि या वेळी साहेबांनी सुट्टीचं विचारलंच नाही. "आता आराम करा, ताई," म्हणाले.

म्हणून सांगते, तुला विचारलं तर आपल्या तोंडाने तारीख द्यायची नाही. म्हणायचं, मला सुट्टी नको, काम द्या. बस, एवढंच. म्हणून दाखव बघू – अगं, बोल ना! मान का खाली घातलीस? काय? आधीच विचारलं? सही करतानाच? आणि तू भावाच्या लग्नाची तारीख देऊन मोकळी झालीस?

अगं बाई...

थांब, श्श – तेच येतायत. डोळे पूस. आणि हे बघ, मी तुला काही बोलले नाही, कळलं? काम वाढलं तर बोलावतो म्हणालेत मला... या, साहेब! हो हो, शिकली की पटकन. हुशार आहे पोरगी, काही सांगावं लागत नाही तिला.