वाचणारा एक

मंजुषाबाई बालाघाटहून परसवाड्याच्या बसमध्ये बसल्या होत्या. वर्गातल्या मुलांचं लेखन त्या ब्लॉगवर टाकत. पण कोणी वाचतच नाही म्हणून तो बंद करायचं त्यांनी ठरवलं होतं. मागच्या सीटवर दोन बाया बोलत होत्या.

"तुही पोरगी रूपाली बोलते का आता?"

"बोलताना अडखळतेच. पण लिहिते मस्त. बोडीतल्या मासोळ्यायवर लिहिलं तं बाईनं मोबाइलवर टाकलं."

"ते कोण वाचते मंग?"

"तिचा बाप. हैदराबादले कामावर हाय ना. डब्बा खाता खाता वाचते."

"फोनवर नाही बोलत का पोरीसंग?"

"पह्यले अडखळली का ती रडे, अन् फोन मलेच देऊन टाके. आता तो तिचं लिहिलेलं तिलेच वाचून दाखवते. चुकला का ती त्याले टोकते. अडखळत का होईना, घंटाभर बोलतेत दोघं."

"बाई चांगली भेटली."

"हौ. मजुरीपायी शाळेत जाणं नाही झालं, त्यायले पाह्यलं बी नाही. भेटल्या तं पाया पडीन."

मंजुषाबाईंनी पाय सीटखाली ओढून घेतले. मग मोबाइल काढून रूपालीचं नवं लेखन ब्लॉगवर चढवायला घेतलं.