चिनी गुलाबाच्या जोडीला

नणंद: अगं, पाय हलव आधी. रोपावर उभी आहेस.

वहिनी: अगंबाई! मोडलं का? ताई, बघा ना, मोडलं का?

नणंद: एक काडी मोडली. चिनी गुलाब आहे तो, काचेचं झुंबर नाही. मोडलेली काडी मातीत खोचली की तीच फुटते. घे, खोच. आणि जरा दम खा.

वहिनी: दम कसला खाऊ? हे आणायला गेलेत, उद्या संध्याकाळी छकुली येणार आणि इथं हे असं! कडेनं सगळी फुलं, आणि मधोमध बघा, टेबलाएवढं भगदाड.

नणंद: प्लंबरनं खणलं ते. तू नाही.

वहिनी: खणायला मीच लावलं ना. पोरीच्या खोलीला लागून बाथरूम करू म्हटलं, तर पाइप नेमका इथूनच जायचा होता. मी पडदे आणायला गेले आणि परत येईतो यानं कुदळ घातलेली. तिच्या आईनं लावलेला वाफा हो! तिच्या हातचं एवढंच उरलं होतं या घरात. मी पाऊल टाकलं आणि त्याची वाट लागली.

नणंद: पाऊल टाकलं म्हणे! वर्ष होत आलं तुमच्या लग्नाला.

वहिनी: तिच्या लेखी मी उद्याच येणार आहे. आई गेल्यापासून ती आजीकडे, शाळेचं वर्ष मोडायला नको म्हणून राहिली तिथेच, आणि मी फोनवर. ‘जेवलीस का?’ ‘हो.’ ‘अभ्यास झाला?’ ‘हो. तुम्ही बाबांना द्या ना फोन.’ संपलं.

नणंद: बरं. रडणं नंतर, लावणं आत्ता. माझ्या नर्सरीतून गाडी भरून रोपं आणलीयेत, त्यातलं निवड. हा झेंडू बघ.

वहिनी: उंच होईल. खालच्यांवर सावली पडेल.

नणंद: तेही खरंच. सावलीत ही फुलं उघडायचीच नाहीत. मग पुदिना?

वहिनी: तो सारखा पाणी मागतो ना?

नणंद: मागतो. आणि त्याच्या पाण्यानं हे कुजतील. चिनी गुलाबाला कोरडं लागतं. बघ, कळतंय की तुला सगळं.

वहिनी: मग चिनी गुलाबच आणा ना आणखी. अख्खा वाफा एकसारखा. तिला कळणारही नाही.

नणंद: नऊ वर्षांची आहे, नऊ महिन्यांची नाही. आणि माझ्याकडचे आहेत दुहेरी पाकळीचे, लालभडक. हे साधे, फिकट गुलाबी. मधे ठिगळ दिसेल नुसतं.

वहिनी: उपटलेल्या काड्या मी सगळ्या वेचून ठेवल्यात. गच्चीवर, घमेल्यात. रोज पाणी घालते.

नणंद: रोज? अगं, कुजवल्यास की!

वहिनी: अर्ध्या कुजल्या.

नणंद: उरल्यासुरल्या आण, कडेकडेनं खोचू. सरकतील हळूहळू मधे. पण तोवर जोडीला दुसरं काही हवंच, नाहीतर तण माजेल.

वहिनी: आणखी एक आहे. हे दुपारनंतर मिटतात. ती येणार संध्याकाळी. म्हणजे तिला काय दिसणार, मिटलेल्या कळ्या आणि खड्डा! संध्याकाळी फुलणारं नाही का काही?

नणंद: आहे की. गुलबक्षी. हे मिटले की ती उघडते. शिफ्ट बदलावी तशी.

वहिनी: हां! मग तीच लावू इथे मधे.

नणंद: मधे नाही, बाई. गुलबक्षी फोफावते. बघता बघता या सगळ्यांना झाकून टाकेल. लावायचीच तर मागे, भिंतीच्या कडेला.

वहिनी: झाकून टाकेल? मग नको. मुळीच नको. नवी आली आणि हिनं सगळं...

नणंद: मी रोपाबद्दल बोलतेय.

वहिनी: मीही रोपाबद्दलच बोलतेय.

नणंद: बरं, बरं. मग ही पावसाळी लिली. जमिनीत कांदा, वर गवतासारखी चार पाती. सावली नाही की दाटी नाही. खाली यांची गादी पसरलेली राहते आणि मधून हिचं फूल डोकावतं.

वहिनी: पण आत्ता फूल कुठाय तिला? नुसती पाती दिसणार. म्हणेल, आईची फुलं काढली आणि गवत लावलं. ताई, मला सुचतच नाहीये काही. रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

(फाटकाशी गाडी थांबते. दार आपटल्याचा आवाज.)

वहिनी: कोण आलं? ताई, हे तर... उद्या यायचे होते ना!

नणंद: माझा भाऊ सांगितल्या वेळी कधी आलाय? एरवी उशिरा, आज आधी.

वहिनी: ते पोतं द्या. पोतं द्या लवकर, झाकू हे!

नणंद: ठेव ते खाली. झाकलंस तर पहिलं तेच उचलून बघेल.

छकुली: आत्या!

नणंद: ये गं माझी बाय. केवढी उंच झालीस! बाबा कुठाय?

छकुली: बॅगा काढतोय. आजीला बरं वाटत नव्हतं, मग मामी म्हणाली आजच निघा. इथे काय झालं?

वहिनी: तू आधी आत चल, हातपाय धू. भूक लागली असेल, मी पटकन...

छकुली: आत्या, इथली फुलं कुठे गेली?

वहिनी: मी सांगते. तुझ्यासाठी बाथरूम करून घेतलं. त्याचा पाइप इथून गेला. इथे कुदळ लावू नका, असं त्या माणसाला सांगून जायला हवं होतं मी. नाही सांगितलं.

छकुली: मला नको होतं बाथरूम.

वहिनी: हं.

छकुली: मला कुणी विचारलंच नाही.

वहिनी: नाही विचारलं. विचारायला हवं होतं.

नणंद: अगं छकुले, हिनं एकेक काडी वेचून...

वहिनी: ताई, राहू द्या.

छकुली: काय वेचून?

नणंद: गच्चीवर घमेलं आहे. जा, बघून ये.

वहिनी: गेली. पळतच गेली. ताई, रडत होती का? चेहरा दिसला तुम्हाला?

नणंद: पाठ दिसली.

वहिनी: मी जाऊ मागे?

नणंद: अजिबात नाही.

वहिनी: वास येतोय हो त्या घमेल्याला. तिला वाटेल, उरलेलं होतं तेही हिनं नासवलं. तुम्ही कशाला सांगितलंत? एवढा वेळ का लागतोय? वरचा कठडा ठेंगणा आहे...

नणंद: इथेच वाढलीय ती. कठडा तुझ्याआधी ओळखते. ती बघ, आलीच जिन्यावरून.

छकुली: खूप जड आहे हे. आणि यातल्या कितीतरी मेल्यात.

वहिनी: हो गं. पाणी जास्त झालं.

छकुली: तुम्ही वेचल्यात या सगळ्या?

वहिनी: मीच. जेवढ्या सापडल्या तेवढ्या.

छकुली: हिला फूल आलंय.

वहिनी: आलंय? बघू! सकाळी तर काहीच नव्हतं.

नणंद: सकाळी कसं असेल? ऊन चढल्यावर उघडतं ते.

छकुली: पण एवढ्या पुरणार नाहीत इथे.

वहिनी: नाही पुरणार. जोडीला काय लावायचं तेच ठरत नव्हतं. आता तुलाच विचारते. ही लिली आहे, पण आत्ता तिला फूल नाही. ती गुलबक्षी, पण ती पसरते फार. काहीच नको असेल तर राहू दे असंच. मी तण उपटत जाईन.

छकुली: लिलीला कुठल्या रंगाचं येतं?

नणंद: पांढरं.

छकुली: पांढरं चालेल. पण दाटीनं नाही लावायची. आईच्या फुलांना जागा ठेवायची.

वहिनी: तू बोट ठेवशील तिथेच लावू.

छकुली: इथे एक. आणि इथे. कांदा किती खोल घालायचा, आत्या?

नणंद: बोटाची दोन पेरं. मान वर राहू दे.

छकुली: तुम्ही तर मानही बुजवलीत.

वहिनी: अगंबाई, हो की!

छकुली: मग माती मी लोटते. तू नुसतं धर.